पंचवीसपैकी नऊ

लायडन, १६ फेब्रुवारी २०२५

अण्णा, नमस्कार.

यंत्र सुरू करून आज बारा दिवस झाले. तुम्ही मोबाइलवर सात वेळा विचारलंत, "ऐकू येतं का?" आणि मी सात वेळा नुसतं "हो" लिहिलं. सविस्तर पत्रात सांगीन म्हटलं होतं, ते आता सांगते.

येतं ऐकू. पण काय येतं ते विचारा! वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा फाटल्याचा आवाज येतो. फ्रीज दिवसभर बडबडत असतो, हे मी साफ विसरले होते. आणि कुणाल चिवडा खायला बसला की मी खोलीतून उठून जाते. पंधरा वर्षांचा संसार झाला, पण हा माणूस खाताना इतका आवाज करतो हे मला आत्ता कळतंय.

माणसांचे आवाज मात्र अजून माणसांसारखे येत नाहीत. सगळेच जण डब्यात बसून चिरक्या आवाजात बोलल्यासारखे. आमची ऑडिओलॉजिस्ट मारिके म्हणते, घाबरू नकोस, हे असंच असतं. कानामागे एक यंत्र आहे, त्याच्या वायरीला एक चकती, ती चुंबकाने डोक्याला चिकटते. आत, कातडीखाली, दुसरा भाग बसवलाय. तो आवाज नाही पाठवत, विजेचे बारीक झटके पाठवतो थेट नसेला, आणि त्यातून आवाज ओळखायचं काम मेंदूने करायचं. त्याला सहा महिने लागतात, वर्षही लागतं. रोज तासभर सराव करायचा. संहिताला या सगळ्यात फक्त चुंबकात रस आहे. काल तिने माझ्या डोक्याला सेफ्टी पिन चिकटते का ते पाहिलं. अकरा वर्षांची घोडी झाली तरी!

तुमचा आवाज मात्र मी लगेच ओळखला. अगदी तुमचाच.

आता मुद्द्याचं. इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी डच भाषेची परीक्षा लागते, हे तुम्हाला सांगितलंय. माझे बाकीचे पेपर झाले, राहिलाय तो ऐकण्याचा. कुणाल म्हणतो, "डॉक्टरांचं पत्र जोडलं की तुला या पेपरातून सूट मिळते, कायद्यातच सोय आहे. वर्षअखेर तिघांचे अर्ज एकदम करून टाकू. कशाला अंगावर ओढून घेतेस?" तो प्रेमानेच म्हणतो. पण अण्णा, दहा वर्षं मला सगळ्यातूनच सूट मिळतेय. पालकसभेला कुणाल जातो. लॅबमध्ये मीटिंग असली की सगळे म्हणतात, मृण्मयीला नंतर ईमेल करू. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्याकडे मोदकांचं सारण असतं, कारण नारळाला कान लागत नाहीत. कुणी वाईट वागत नाही हो. सगळे फार चांगले आहेत, पण या चांगुलपणाचाच मला आता वीट आलाय.

मला सूट नको आहे. मला तो पेपर द्यायचाय.

सांगा, रोज तासभर ऐकू काय?

मृण्मयी


कऱ्हाड, २ मार्च २०२५

मृण्मयी, आशीर्वाद आहेतच. आता कामाचं ऐक.

चौतीस वर्षं ज्याने श्रुतलेखन घेतलं त्याची मुलगी विचारते, ऐकू काय! अगं, दुसरं काय ऐकणार? जिल्ह्यात माझ्या उताऱ्यांना नाव होतं. नवा मास्तर आला की आधी माझी तपकिरी वही मागायचा. ती वही अजून आहे. वाळवीलाही तिला तोंड लावायची छाती झाली नाही.

मोबाइलवर आवाज कसा भरायचा ते मी स्वतः शिकलो आहे. आज चार उतारे पाठवले. प्रत्येकी पंचवीस वाक्यं, वाक्याला एक गुण. अख्खं वाक्य बरोबर असलं तरच गुण. अर्धा गुण मी जन्मात दिला नाही. नियम तुला ठाऊकच आहेत. वाक्य दोनदाच सांगणार, तिसऱ्यांदा नाही. मागे नेऊन पुन्हा ऐकायचं नाही. मान खाली, नजर वहीत. इकडेतिकडे बघायचं नाही. शेजारी कुणी नसलं तरी बघायचं नाही.

लिहिलेली पानं टपालाने पाठव. पडद्यावर लाल शाई चालत नाही.

माझा आवाज तू ओळखलास हे वाचून दोनदा चष्मा पुसला. तुझी आई असती तर आज पेढे वाटून आली असती. मी वाटले नाहीत, पण दुकानापर्यंत जाऊन आलो.

तुझे,
अण्णा


लायडन, २३ मार्च २०२५

अण्णा,

पानं सोबत जोडली आहेत. चारही उतारे नियम पाळून लिहिले.

इथे आता उजेड लवकर होतो. सायकलवरून लॅबला जाताना मागून कुणी घंटी वाजवली तर ऐकू येते, पण डावीकडून की उजवीकडून ते कळत नाही. एकाच कानाला दिशा नसते म्हणे. म्हणून मी घंटी ऐकली की सरळ थांबते आणि मागचे लोक डच भाषेत काहीतरी पुटपुटत निघून जातात. तेही थोडंथोडं कळायला लागलंय, दुर्दैवाने.

गंमत म्हणजे संहिताचं डच मला पटकन कळतं. ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून अर्धं ऐकलं. ती चांगलीच दचकली. इतकी वर्षं माझ्यासमोर बिनधास्त काहीही बोलायची ना!

बाकी ठीक. तब्येतीला जपा.

मृण्मयी


कऱ्हाड, ८ एप्रिल २०२५

मृण्मयी,

पंचवीसपैकी पंचवीस. चारही उताऱ्यांत! शंभरपैकी शंभर!

मी पानं तीनदा तपासली. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, सवय म्हणून. एक काना इकडचा तिकडे नाही. लाल शाईला काही कामच उरलं नाही, म्हणून शेवटी प्रत्येक पानाखाली सही करून तिला थोडं वापरलं.

आता जे केलं ते सांगतो. परवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत मी उभा राहिलो आणि ती पानं वाचून दाखवली. म्हटलं, जिला दोन वर्षं शेजारी फुटलेला फटाका ऐकू येत नव्हता, त्या माझ्या मुलीने दोन महिन्यांत हे केलं आहे. टाळ्या झाल्या. ग्रंथालयाच्या वृंदाताईंनी तर डोळ्यांना पदर लावला. माझी कॉलर अजून ताठ आहे, इस्त्रीची गरज पडत नाही.

आणि कुणालरावांनाही वेगळं पत्र लिहून कळवलं आहे. म्हटलं, डॉक्टरांच्या पत्राच्या मागे लागू नका. शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या मुलीला सूट मागणं हा तिचा अपमान आहे. खुशाल परीक्षेला बसवा.

आणखी चार उतारे पाठवतो आहे.

अण्णा


लायडन, २७ एप्रिल २०२५

अण्णा,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलंय. आता फाडणार नाही.

तुमचं पत्र कुणालला मिळालं. त्याने त्याच दिवशी डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द केली आणि माझी परीक्षेची तारीख घेतली, दहा जुलै. मला मिठी मारून म्हणाला, "सॉरी, मीच तुला कमी समजत होतो." मी मूग गिळून गप्प बसले. त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही.

अण्णा, ते उतारे मला पाठ आहेत.

सातवीत मी तुमच्याच वर्गात होते, पहिल्या बाकावर. त्याआधी तिसरीपासून तुम्ही घरी रात्रीचं जेवण होईपर्यंत माझ्याकडून तेच उतारे लिहून घ्यायचात. पहिले दोन शब्द कानावर पडले की उरलेलं वाक्य माझा हात आपोआप लिहितो. कान काही करतच नाही. नदीच्या काठच्या शाळेचा उतारा सुरू झाला आणि मी तुमच्या आधी संपवला. मला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तुम्ही चष्मा पुसलात असं लिहिलं होतं, मग माझा धीर झाला नाही.

आणि दुसरं. तुमचा आवाज ओळखला म्हणाले, तेही खोटं. तुमचा आवाज अगदी चिरका, खेळण्यातल्या बाहुलीसारखा येतो. फक्त तुमचाच नाही, मराठी बोलणाऱ्या सगळ्यांचाच. पण तुमचा जास्त लागतो, कारण तुमचा खरा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे. डच कळतं, कारण डच मी कधी चांगल्या कानांनी ऐकलंच नव्हतं. इथे आले तेव्हाच कान जायला लागले होते. त्या भाषेचा मूळ आवाज माझ्याकडे नाही, त्यामुळे बिघडलेलाही वाटत नाही. मराठीचं मात्र प्रत्येक वाक्य मनातल्या आवाजाशी ताडून बघते आणि हिरमुसते.

काल इथे राजाचा दिवस होता. सगळं गाव नारिंगी कपडे घालून कालव्यांच्या काठाने, बोटींवर दंगा करत होतं. कुणाल आणि संहिता मला घेऊन गेले. अर्ध्या तासात डोकं फुटायची वेळ आली, मी यंत्र काढून खिशात ठेवलं आणि त्या गर्दीत शांतपणे चालत राहिले. अशी ही तुमची शंभरपैकी शंभरवाली.

रागवा. पण लिहा.

मृण्मयी


कऱ्हाड, २४ मे २०२५

मृण्मयी,

उशीर झाला. आधी रागावलो होतो, मग स्वतःवर रागावलो, त्यात दिवस गेले.

चौतीस वर्षं पोरांच्या बाह्या तपासल्या, पट्टीमागे लिहिलेलं पकडलं, आणि माझ्या नाकासमोरची एवढी सुबक कॉपी मला दिसली नाही! पण कॉपी तरी कशी म्हणू? तुझ्यासमोर कुणाची वही नव्हती. मीच तुझ्याकडून पाच वर्षं घासून घासून पाठ करून घेतलं आणि मीच तेच विचारलं. मास्तर गाढव असला की असं होतं.

मागच्या रविवारी संघात पुन्हा उभा राहिलो. म्हटलं, माझ्या मुलीचे शंभर गुण मी आजपासून रद्द करतो आहे. कारण सांगितलं. औषधांच्या दुकानातले हरीश म्हणाले, "सर, आपणहून सांगितलं ना तिने? मग कसले गुण रद्द करता!" मी मान ताठ ठेवून घरी आलो. तू खोटं लिहिलंस ते मला आवडलं नाही. ते तू स्वतः खोडलंस, त्याचा अभिमान वाटला. दोन्ही लिहून ठेवतो.

माझा आवाज बाहुलीसारखा येतो याचं वाईट वाटलं. इलाज नाही. जसा येतो तसा ऐक.

तपकिरी वही कपाटात ठेवली. आता जे पाठवतो आहे ते जगात कुणालाच पाठ नाही. भाजी मंडईत उभं राहून वृंदाताईंना बँकेची नोटीस वाचायला लावली. एसटी स्टँडवर हरीशनी खोकल्याच्या औषधाची माहिती वाचली, मागे साताऱ्याची गाडी लागत होती. एक उतारा मी वाचला आहे, पण शेजारणीचा मिक्सर चालू असताना. नियम तेच. दोनदा सांगणार, मान खाली, नजर वहीत.

दहा जुलैला किती दिवस उरले ते मोज आणि कामाला लाग.

अण्णा


लायडन, ९ जून २०२५

अण्णा,

पानं पाठवतेय. मोजायच्या आधी चहा घ्या.

साताऱ्याच्या गाडीने मला पुरतं आडवं केलं. अर्ध्या वाक्यांची शेपटं गायब आहेत, काही ठिकाणी मी नुसत्या रेघा ओढल्यात. पण अण्णा, जे लिहिलंय ते सगळं ऐकून लिहिलंय. एक शब्दही पाठ नव्हता. तिसऱ्या दिवशी तर मिक्सर थांबल्यावर मला मागे एक कावळा ऐकू आला. कऱ्हाडचा कावळा मी लायडनमध्ये बसून ऐकला! मी उठून संहिताला बोलावलं आणि तिला तो पुन्हा पुन्हा ऐकवला. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ क्रो." कार्टीला काय कळतंय.

मृण्मयी


कऱ्हाड, २३ जून २०२५

मृण्मयी,

पहिला उतारा: पंचवीसपैकी सहा. दुसरा: पाच. तिसरा, मिक्सरवाला: पंचवीसपैकी नऊ.

शाबास.

हा शब्द मी वहीवर कधी लिहीत नसे. पोरं शेफारतात असं मला वाटायचं. आज तो तुझ्या तिसऱ्या पानावर लाल शाईने लिहिला आहे. गेल्या वेळच्या शंभरावर नुसती सही केली होती, या नऊवर शाबास लिहितो आहे, यातलं काय ते समज. तुझी पानं आता संघात दाखवत नाही. माझ्या टेबलावर काचेखाली ठेवली आहेत.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुझ्या चुका बघताना सारखं वाटत होतं, हे मी आधी पाहिलं आहे. वाक्याची सुरुवात बरोबर, शेवट गळालेला. मोठे शब्द बरोबर, मधले बारीक शब्द नाहीतच. तुझ्याच वर्गात, मागच्या बाकावर नीळकंठ होता, आठवतो? हुबेहूब त्याची वही. मी वर्गाकडे तोंड करून बोललेला भाग बरोबर, फळ्याकडे तोंड करून बोललेला कोरा. त्यावर मी वर्षभर लाल शाईने एकच शेरा लिहीत होतो, "लक्ष नाही". हातावर छड्याही दिल्या आहेत. दोनदा सांगूनही लिहीत नाही म्हणून.

त्याला ऐकू येत नसणार गं. मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

तो अजून इथेच आहे, पिठाची गिरणी चालवतो. जाईन एकदा. धीर गोळा करतो आहे.

तू परीक्षा दे. सरळ, स्वतःच्या कानांनी दे. मान खाली, नजर वहीत.

अण्णा


लायडन, २४ ऑगस्ट २०२५

अण्णा,

निकाल आला. नापास झाले. अगदी थोडक्यात, पण नापासच.

परीक्षा कॉम्प्युटरवर असते. पडद्यावर छोटे प्रसंग दाखवतात, दुकानात, दवाखान्यात, नगरपालिकेत माणसं बोलतात, आणि मग प्रश्न येतात. हेडफोन मला कानावर लावून उपयोग नाही, माझा माइक कानाच्या वर आहे. म्हणून तो डोक्यावर तिरका चढवून बसले. शेजारची बाई हसली. म्हटलं, हस बाई. आणि मग प्रत्येक प्रसंग सुरू झाला की मी मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. कारण माणसं पडद्यावर होती ना, समोर तोंड करून बोलत होती. ओठांवरून मला बरंच कळतं, दहा वर्षं त्यावरच तर जगले. पण या वेळी मला ते नको होतं. एकदा कॉपी करून झाली, आता फक्त कान. तसं ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

खरं सांगू? निकालाचा कागद बघून आधी रडले आणि मग मला बरंही वाटलं. इतकी वर्षं मी कशात नापाससुद्धा होत नव्हते, कारण कुणी बसूच देत नव्हतं.

पण आता पुढे काय? कुणालने मला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त म्हणाला, "वर्ष संपत आलं. आता तरी डॉक्टरांकडे जाऊ." पंधरा सप्टेंबरची वेळ घेतलीय. त्याचं चूक नाही. माझ्यामुळे तिघांचे अर्ज अडलेत. मला वाटतं, आता हट्ट सोडावा. तुम्ही काय म्हणता?

मृण्मयी


कऱ्हाड, ४ सप्टेंबर २०२५

मृण्मयी,

हे पत्र टपालात टाकायच्या आधी फोटो काढून पाठवतो आहे, पंधरा तारखेच्या आत मिळायला हवं म्हणून. पूर्ण वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी तडक नीळकंठच्या गिरणीत गेलो. दळणाची वेळ होती. सात-आठ बायका, दोन यंत्रं चालू, आपण काय बोलतो ते आपल्यालाच ऐकू येऊ नये असा आवाज. त्यात एक बाई म्हणते ज्वारी जाड काढा, दुसरी म्हणते डाळीचं आधी लावा, तिसरी दारातूनच काहीतरी सांगून निघून जाते. नीळकंठ प्रत्येकीच्या तोंडाकडे एकदा बघतो आणि डब्यावर खडूने खूण करतो. अर्धा तास बघत होतो. एक दळण चुकलं नाही.

गर्दी ओसरल्यावर त्याने पट्टा थांबवला. मी म्हटलं, "नीळकंठ, मी तुझी माफी मागायला आलो आहे. तुझं लक्ष होतं. तुला ऐकू येत नव्हतं, आणि मी मारलं." त्याने माझ्या तोंडाकडे बघून सगळं समजून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही नजर वहीत ठेवायला लावायचात ना, तिथेच मी बुडायचो. तुमच्याकडे बघू दिलं असतंत तर मी सगळं लिहिलं असतं. गिरणीत कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून इथे मी सगळ्यांच्या पुढे आहे." हे त्याने रागाने नाही सांगितलं. छाती काढून सांगितलं. मला स्टुलावर बसवून चहा पाजला. मी मात्र तिथे रडलो, पिठाने माखलेल्या नीळकंठच्या देखत.

त्याला तुझा निकाल सांगितला. डोळे मिटून परीक्षा दिली म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "डोळे मिटून कोण ऐकतं, सर?"

मृण्मयी, तू नापास झालीस ती माझ्या नियमामुळे. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघणं ही कॉपी नव्हे. परीक्षा घेणाऱ्यांनीच ती माणसं पडद्यावर समोर आणून बसवली आहेत, बघण्यासाठीच ना? धडधाकट कानांचे लोकही बघूनच ऐकतात, त्यांना फक्त ते माहीत नसतं. मलाही चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

हट्ट सोडू नकोस. कुणालरावांना माझ्यातर्फे सांग, म्हाताऱ्याने मागच्या वेळी चुकीच्या गुणांवर भरवसा दिला होता, या वेळी पंचवीसपैकी नऊवर देतो आहे. पुन्हा बस. मान वर ठेव आणि बघ. डोळे फाडून बघ.

अण्णा


लायडन, २३ नोव्हेंबर २०२५

अण्णा, नमस्कार.

तुमच्या पत्राचा फोटो मी कुणालला वाचून दाखवला. तुम्ही गिरणीत रडलात तिथे मी मोबाइल त्याच्या हातात दिला, पुढचं त्याने स्वतः वाचलं. मग फोन उचलून त्याने डॉक्टरांची वेळ पुन्हा एकदा रद्द केली. "आता तिथली फोन उचलणारी बाई मला ओळखायला लागलीय," म्हणाला. ऑक्टोबरची तारीख मिळाली.

तोवर मी काय केलं नाही ते विचारा. सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावरच्या मुलीशी उगाच बोलत राहिले, मागे रांग लागेपर्यंत. संहिताच्या शाळेत मुलांच्या प्रगतीबद्दल पालकांना दहा मिनिटं देतात, तिथे या वेळी मी एकटी गेले. बाईंना सुरुवातीलाच सांगितलं, "माझ्याकडे बघून बोला आणि समजलं नाही तर मी विचारीन." दोनदा विचारलं. दोनदा त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा आला नाही, अण्णा. इतकी वर्षं मी विचारायलाच घाबरत होते. बाईंची तक्रार एवढीच, की संहिता वर्गात फार बोलते. मी घरी येऊन तिला रागावले, मनापासून नाही, पण रागावले.

परीक्षेच्या दिवशी हेडफोन पुन्हा तिरका. पहिला प्रसंग सुरू झाला. दवाखान्याच्या काउंटरवर एक बाई आणि समोर एक म्हातारे गृहस्थ. मान खाली जायला निघाली होती, इतक्या वर्षांची सवय ती! मी हनुवटी हाताने धरून वर ठेवली, खरंच धरली, आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. अण्णा, ओठ आणि आवाज एकदम आले. आजवर मी एक तर बघत होते, नाही तर ऐकत होते. दोन्ही एकमेकांना धरून असे कधी चालले नव्हते. त्या म्हाताऱ्याला कुठली गोळी कधी घ्यायची ते मला त्याच्यापेक्षा आधी कळलं.

तुमचा जुना आवाज काही परत आला नाही. मारिके म्हणते, येणारही नाही. पण परवा तुमचा मोबाइलवरचा संदेश ऐकताना मी ताडून बघायला विसरले. तुम्ही काय म्हणताय तेवढंच ऐकलं आणि उत्तर देऊन टाकलं. अर्ध्या तासाने लक्षात आलं.

काल निकालाचं पाकीट आलं. कुणालने दारातच फोडलं, वाचलं आणि कागद माझ्या हातात द्यायला आला. गेली दहा वर्षं घरात हीच पद्धत, महत्त्वाचं काही असलं की मला कागद द्यायचा. मी हात मागे घेतले. म्हटलं, "देऊ नकोस. वाच."

तो गडबडला. मग तिथेच, पायपुसण्यावर उभं राहून, जाकीटही न काढता, त्याने ते डच पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्याचा डच उच्चार भयंकर आहे. संहिता जिन्यावर बसून हसत होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले आणि एकेक शब्द ऐकला, तारीख, माझं नाव, परीक्षेचं नाव. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज कापला, तोही मला ऐकू आला.

पास झाले, अण्णा. सूट न घेता.

आज मला माझा फार अभिमान वाटतोय. आणि तुमचाही.

मृण्मयी